नेरुळचा एरोबिक्स वर्ग: सोमवार ते शुक्रवार नावाला जागणारा

आधी कामाचं. वर्ग नेरुळ पश्चिमेला, स्टेशनवरून रमतगमत दहा मिनिटांवर, एका समाजमंदिराच्या पहिल्या मजल्यावर भरतो. वेळ सकाळी सव्वासहा ते सात-दहा. सोमवार ते शुक्रवार ताई घेतात, शनिवारी त्यांच्या हाताखालचा एक तरुण सर. महिन्याचे १,२०० रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरले तर ३,०००. वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही. शनिवारबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते त्या पोराच्या पोटावर यायला नको.

आता हा अभिप्राय लिहिणारा कोण, ते. मी टीटीसी या नवी मुंबईतल्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात ईटीपी सांभाळतो, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करून सोडण्याचं खातं. ‘एरोबिक’ हा शब्द माझ्या तोंडात नोकरीला लागल्यापासून आहे, पण तो माणसांसाठी नाही, जिवाणूंसाठी. आमच्याकडे मोठी टाकी असते, तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्युझर, बाहेर हवा ढकलणारा ब्लोअर. ब्लोअरने हवा सोडायची. ती घेऊन जिवाणू पाण्यातली घाण खातात, वाढतात आणि पुढच्या टाकीत गाळ होऊन खाली बसतात. वर राहतं ते पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. ब्लोअर बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, की टाकी काळवंडते, कल्चर, म्हणजे टाकीतले जिवाणू, मरायला लागतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. शिफ्टमधल्या कुठल्याही हेल्परला विचारा; एरोबिक टाकी म्हणजे जिच्यावर चढल्यावर नाक धरावं लागत नाही ती.

त्यामुळे साखर वाढल्यावर डॉक्टर म्हणाले, “तुम्ही आठवड्यातून पाच दिवस एरोबिक करा,” तेव्हा शेजारी बसलेली बायको फस्सकन हसली. म्हणाली, “डॉक्टर, हे दिवसभर तेच तर करतात.”

वर्गात शिरल्याशिरल्या समोरच्या भिंतीवर एक फ्लेक्स आहे: ‘एरोबिक्स! भरपूर ऑक्सिजन घ्या, तंदुरुस्त राहा!’ पहिली तक्रार या फ्लेक्सची. कोविडनंतर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटात एक ऑक्सिमीटर पडून आहे. तो काढा, सेल घाला, बोटाला लावा. धडधाकट माणसाचा आकडा सोफ्यावर बसूनही ९५च्या वरच येतो. म्हणजे रक्तात ऑक्सिजन आधीच जवळजवळ काठोकाठ आहे. आणखी ‘भरपूर’ घेऊन ठेवणार कुठे? अडचण घेण्यात नसतेच, पोचवण्यात आणि वापरण्यात असते. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं, ते रक्त स्नायूंच्या आतवर नेणाऱ्या केशवाहिन्या किती दाट आहेत, आणि पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणाऱ्या तंतुकणिका किती आहेत, या तीन गोष्टी नियमित व्यायामाने वाढतात. आमच्या टाकीचंही तसंच. बाहेरच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन फुकट पडलेला आहे, पण आपल्याकडच्या ३० अंशांच्या पाण्यात तो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या पुढे विरघळत नाही, आणि जिवाणू तो सतत संपवत असतात. आम्ही दोनच्या आसपास टिकवायची धडपड करतो, तरी अशा प्लांटच्या वीजबिलातला निम्म्याच्या आसपास भाग ब्लोअरच खातात. फ्लेक्स छापणाऱ्याला हे सांगून उपयोग नाही. ताईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, “काका, फ्लेक्स आधीच्या वर्गाचा आहे, भाड्याबरोबर आला.”

आता ताईंचा वर्ग. यासाठीच मी हे लिहायला बसलो.

सुरुवात जागच्या जागी मार्चने. मग स्टेप-टच, ग्रेपवाइन (पाय मागे-पुढे टाकत बाजूला सरकणं), व्ही-स्टेप, गुडघे वर. नावं इंग्रजी, सूचना शुद्ध मराठीत: “डावा, आणि मागे, आणि उघडा, आणि जुळवा.” पहिली आठेक मिनिटं इतकी सोपी असतात की नव्या माणसाला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. तेवढ्या वेळात शरीर स्वतःचे ब्लोअर चालू करत असतं. बसल्याजागी आपण किलोमागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला मिनिटाला पाव लिटरच्या आसपास. अंग हलवायला लागलं की मागणी लगेच वाढते, पण हृदय आणि श्वास त्या पातळीला यायला दोन-तीन मिनिटं घेतात. मधला वेळ स्नायू ऑक्सिजनशिवायच्या साठ्यावर काढतात. जे वर्ग पहिल्या मिनिटापासून उड्या मारायला लावतात त्यांना हे कळत नसावं, किंवा त्यांची सगळी गिऱ्हाइकं बावीस वर्षांची असावीत.

मग गती वाढते आणि ताईंची खरी करामत सुरू होते. नाचता नाचता त्या एकेकाला प्रश्न विचारतात. “काका, आज डब्याला काय?” उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं हा नियम. मी “भाजी-पोळी” म्हणालो तर लगेच, “कुठली भाजी? कशी केली?” आता पाय ग्रेपवाइनमध्ये आणि तोंडाने ‘दुधी भोपळा, चण्याची डाळ घालून’ एवढं एका दमात निघालं तर ठीक. मध्येच श्वास घ्यावा लागला तर म्हणणार, “काका, हात खाली, पाय लहान.” पलीकडच्या वहिनी एकदा उत्तराऐवजी गाण्याची ओळच म्हणायला लागल्या, तर त्यांना उलटं: “वहिनी, गाता येतंय ना? मग गुडघे अजून वर!”

ही गंमत नाही. बोलता यावं पण गाता येऊ नये, ही मध्यम व्यायामाची जगभर वापरली जाणारी खूण आहे. व्यायामशास्त्रात तिला बोलण्याची चाचणी म्हणतात. कारण साधं आहे. बोलायला श्वास रोखून सोडावा लागतो. स्नायूंची मागणी ऑक्सिजनच्या पुरवठ्यात भागत असेल तोवर ती चैन परवडते. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की शरीर ऑक्सिजन न लागणाऱ्या मार्गावरही भार टाकतं, रक्तात आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो बाहेर टाकायला श्वास जोरात चालतो आणि मग शब्द तुटायला लागतात. दमसास टिकला तर तो एरोबिक व्यायाम. ताईंनी हे कुठून आणलं विचारलं, तर म्हणाल्या, कोर्समध्ये होतं, भाजीचा प्रश्न माझा.

एरोबिक हा शब्द मुळात आमच्या खात्याचा, म्हणजे जिवाणूंचा. लुई पाश्चर १८६१च्या सुमारास लोणी खवट करणारं जे आम्ल, ब्युटिरिक आम्ल, ते ज्यातून तयार होतं त्या आंबण्याचा अभ्यास करत होता. काचपट्टीवरचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्याला दिसलं, की थेंबाच्या मधले जीव वळवळताहेत आणि कडेचे, जिथे हवा लागते तिथले, निपचित पडलेत. तोवर सगळे धरून चालले होते की हवा म्हणजे जीवन. इथे हवेने मरणारे जीव होते! द्रवातून हवा सोडली तर आंबणंच थंडावलं. या दोन जातींना नावं हवीत म्हणून १८६३ साली त्याने ग्रीकमधून दोन शब्द जुळवले. एअर म्हणजे हवा, बायोस म्हणजे जीवन. हवेवर जगणारे ते एरोबी, आणि हवेविना जगणारे अन्-एरोबी. शब्दात ऑक्सिजन कुठेच नाही, फक्त हवा आहे. ऑक्सिजन हे नाव त्याआधीचं, लव्हॉझिएचं, आणि तेही फसलेलं: त्याला वाटलं प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, म्हणून त्याने ‘आम्ल करणारा’ अशा अर्थाचं नाव ठेवलं. पुढे मिठाच्या आम्लात ऑक्सिजन नाही हे सिद्ध झालं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आपला ‘प्राणवायू’ तर प्राण, अपान, उदान, समान, व्यान या पंचकातून उचललेला. त्यातला अपान ज्या दिशेने जातो ती पाहता वायूंना नावं देताना आपल्या लोकांनी डोळे उघडे ठेवले होते असं म्हणावं लागेल.

थोडक्यात, एरोबिक हे आधी जगण्याच्या पद्धतीचं नाव होतं. व्यायामाशी त्याचा काही संबंध नव्हता. बरेच जीव दोन्ही जमवतात, हवा असली तर तशी, नसली तर तशी. आमच्या टाकीत असे पुष्कळ असतात. आणि आपला स्नायूही त्यातलाच. दहावीच्या विज्ञानात ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन म्हणून हेच पाठ केलं होतं. ग्लुकोजचा एक रेणू ऑक्सिजनशिवाय मोडला तर हाती दोन एटीपी लागतात; एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं सुटं नाणं. ऑक्सिजनसह पूर्ण जाळला तर पुस्तकी हिशोबाने ३८, आणि नव्या मोजणीने तीसच्या आसपास. ऑक्सिजनशिवायचा मार्ग उधळ्या आहे, पण झटपट आहे. बस सुटत असताना मारलेली धाव त्याच्या जिवावर असते. पहिली दहाएक सेकंदं स्नायूत तयार असलेला साठा, मग दोनेक मिनिटांपर्यंत हा उधळ्या मार्ग मोठा वाटा उचलतो, आणि त्यापुढे कारभार हवेच्या हाती. दोघांत भिंत मात्र नाही. दोन्ही मार्ग सतत चालू असतात, फक्त प्रमाण बदलतं.

स्नायूंपर्यंत हा शब्द आला तो इंग्लंडमार्गे. केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ साली बेडकाच्या स्नायूंवर दाखवलं, की ऑक्सिजन नसताना स्नायू थकतो आणि त्यात लॅक्टिक आम्ल साठतं. ऑक्सिजन दिला की ते कमी होतं. मग आर्चिबाल्ड हिल आला. त्याला १९२२चं नोबेल ओटो मायरहॉफबरोबर विभागून मिळालं. हिल नुसता प्रयोगशाळेत बसला नाही. पाठीला पिशवी बांधून, त्यात उच्छ्वास गोळा करत स्वतः धावला. धावण्याचा वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर ऑक्सिजनचा वापर वाढेना. या छताला आज व्हीओ-टू मॅक्स म्हणतात. आणि धावून थांबल्यावरही धाप बराच वेळ चालू राहते त्याला त्याने ‘ऑक्सिजनचं कर्ज’ म्हटलं. त्या कर्जाचा हिशोब पुढे बराच बदलला, पण धापा टाकत जिन्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते नाव अजून पटतं.

इथे एक अवांतर, सोडवत नाही म्हणून. हिल हे काम करत होता तेव्हा मँचेस्टरला होता. आणि ज्या पद्धतीवर आमचा ईटीपी चालतो, गाळातल्या जिवाणूंना हवा देत सांडपाणी साफ करण्याची, ती १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मांडली, तीही मँचेस्टरलाच. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवायला आले. एकाच गावात, पाच-दहा वर्षांच्या अंतराने, एकीकडे गटाराला हवा आणि दुसरीकडे धावणाऱ्याच्या श्वासाची मोजणी. वर्गात हे सांगितलं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. आमच्या लॅबमधल्या केमिस्टला मात्र वाटलं.

आजचा ‘एरोबिक्स’ शब्द, शेवटी तो अनेकवचनी ‘स’ लावून, लोकांच्या तोंडी बसवला तो केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरने. १९६८ साली त्याने याच नावाचं पुस्तक काढलं. त्याचा प्रश्न लष्करी होता: हजारो जवानांचा दमसास मोजायचा, पण प्रत्येकाला यंत्रावर चढवणं परवडत नाही. त्याने साधी युक्ती काढली. बारा मिनिटं पळा, किती अंतर झालं ते सांगा. हवाई दलातल्या ११५ जणांची धाव आणि यंत्रावरची मोजणी त्याने ताडून पाहिली, तर दोन्ही चांगलीच जुळली. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करा, ४४.७३ने भागा, व्हीओ-टू मॅक्सचा अंदाज हाती. आकडेमोडीची हौस असलेल्या माझ्यासारख्याला हे म्हणजे मेजवानी. पाम बीच रस्त्यालगतच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर मी एका सकाळी, डॉक्टरांना विचारून, अर्धं चालत अर्धं पळत हे करून पाहिलं. साधारण १,७०० मीटर, म्हणजे २६.७. माझ्या वयाला शोभेल इतपत वाईट. तुम्ही डॉक्टरांना न विचारता करू नका. ते सूत्र सैनिकांवर बेतलेलं आहे, खुर्चीवरच्या माणसांवर नाही. ब्राझीलच्या फुटबॉल संघाने १९७०च्या विश्वचषकाआधी ही चाचणी वापरली आणि तिकडे जॉगिंगलाच ‘कूपर’ म्हणायला लागले. आपल्याकडे आमच्या वर्गातल्या एक आजी सुनेला सांगून निघतात, “मी रोबिकला चालले.” शब्दांचं असंच होतं.

कूपरच्या पुस्तकात नाच नव्हता. चालणं, पळणं, पोहणं, सायकल, आणि आठवड्याला गुण जमवायचे. नाच घातला तो जॅकी सोरेन्सन या बाईने. ती हवाई दलातल्या अधिकाऱ्याची बायको. १९६९ साली पोर्टो रिकोतल्या तळावर तिला तिथल्या बायकांसाठी व्यायामाचा कार्यक्रम बसवायला सांगितलं. ती मूळची नर्तकी, कूपरची चाचणी तिने सहज पार केली होती, तेव्हा तिने दोन्हींची सांगड घातली. म्हणजे मी सव्वासहाला नेरुळात कोळीगीतांच्या रिमिक्सवर जे करतो ते तिथून आलेलं. जेन फोंडाच्या १९८२च्या व्हिडिओने ते घराघरांत नेलं, आणि रंगीत चड्ड्या, कपाळाच्या पट्ट्या वगैरे सगळं त्याबरोबर आलं. आमच्याकडे ट्रॅक पँट आणि जुने कंपनीचे टी-शर्ट. वहिनीमंडळी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला गाठ मारून. ताईंनी कपड्यांवरून कुणाला कधी टोकलेलं नाही. बुटांवरून मात्र टोकतात. चपलेत आलात तर परत पाठवतात.

आता शनिवार. शनिवारचा सर पोरगा चांगला आहे, मेहनती आहे, वेळेवर येतो. पण तो शिकवतो ते वेगळं. वीस सेकंद बर्पी, म्हणजे खाली बसून पाय मागे फेकायचे आणि उठून उडी मारायची, मग दहा सेकंद विश्रांती, वीस सेकंद उड्यांच्या बैठका, परत दहा सेकंद. याला तो एरोबिक्सच म्हणतो. ही पद्धत जपानच्या इझुमी ताबाता यांच्या नावाने ओळखली जाते. १९९६चा त्यांचा अभ्यास सायकलच्या यंत्रावरचा, धडधाकट तरुणांवरचा, आणि जोर इतका की व्हीओ-टू मॅक्सच्या १७० टक्के. म्हणजे छताच्या कितीतरी वर. सहा आठवड्यांत त्या तरुणांची एरोबिक क्षमताही वाढली आणि अनएरोबिकही. त्यामुळे सराचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. ऑक्सिजनविना मारलेल्या धडकांनी ऑक्सिजन वापरायची ताकदही वाढते, हे मोजून दाखवलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की आमच्या बॅचमध्ये दोघांना बीपीच्या गोळ्या आहेत, एकांना स्टेंट आहे, आजींचं वय सत्तरच्या पुढे. त्यांच्यापुढे हे ‘एरोबिक्स’ म्हणून वाढणं धोक्याचं आहे. मागच्या पावसाळ्यात एक काका बर्पीनंतर भिंतीला टेकून पांढरेफटक पडले होते. निभावलं. त्यानंतर ताईंनी शनिवारी दोन गट करायला लावले, पण हळू गटाला तो पोरगा फारसं बघत नाही. त्याचा डोळा पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलांवर.

त्याचं एक वाक्य मात्र सुधारायला हवं. मांड्या भरून आल्या की तो ओरडतो, “हे लॅक्टिक ॲसिड आहे, उद्या दुखेल!” उद्याचं दुखणं लॅक्टेटचं (लॅक्टिक आम्ल शरीरात याच रूपात असतं) नसतं. थांबल्यावर तासाभरात रक्तातलं लॅक्टेट बहुतेक पूर्वपदाला येतं; हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांचं, आणि ते उतरताना, बसताना, वजन खाली सोडताना जास्त होतं. जिना चढताना नाही, उतरताना मांड्या रडतात, ते यामुळे.

घड्याळाबद्दल लोक विचारतात म्हणून दोन ओळी. मुलाने दिलेलं मनगटी घड्याळ वर्ग संपला की दोन आकडे देतं, एक एरोबिक, एक अनएरोबिक. ताईंच्या दिवशी पहिला मोठा, शनिवारी दुसरा. दिशा बरोबर असते, पण आकड्यांना फार कवटाळू नका. घड्याळ स्नायू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजत नाही, नाडी मोजतं आणि तुमच्या वयावरून अंदाज बांधतं. वय २२०मधून वजा करा म्हणजे नाडीची कमाल, हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी सुधारलेलं सूत्र २०८ वजा वयाच्या ७० टक्के असं आहे. छप्पन्नाव्या वर्षी एक १६४ देतं, दुसरं १६९. शिवाय दोन्ही सरासरी आहेत; एखाद्या माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. आणि बीपीच्या काही गोळ्या नाडीच खाली ठेवतात, मग घड्याळ म्हणतं तुम्ही आराम करताय आणि इकडे घाम गळतोय. दुधी भोपळ्याचं वाक्य जास्त भरवशाचं.

जागेबद्दल. हॉल मोठा, तीन बाजूंना खिडक्या, पंखे जुने पण चालू. एसी नाही, आणि सव्वासहाला लागतही नाही, मे आणि ऑक्टोबर सोडून. ओहोटीला वारा खाडीकडून आला तर कांदळवनाच्या चिखलाचा वास येतो. नवे लोक नाक मुरडतात. तो हवेविना जगणाऱ्या मंडळींचा धंदा आहे, पाश्चरच्या दुसऱ्या जातीचा, आणि फ्लेमिंगो ज्यावर येतात तो चिखल तसाच असायचा. फरशी टाइल्सची, वर जोडायच्या रबरी मॅट आहेत, पण मधल्या दोन रांगांपुरत्याच. कडेला उभं राहिलात तर पायाखाली कडक फरशी, आणि पावसाळ्यात दमट. गुडघ्यांचा त्रास असेल तर पंधरा मिनिटं आधी जाऊन मधली जागा धरा. ताई उडीची प्रत्येक हालचाल एक पाय जमिनीवर ठेवून करायचा पर्याय सांगतात, न विचारता. पायरीचे प्लॅस्टिकचे स्टेपर कोपऱ्यात रचलेले आहेत, महिन्यातून एखाद्या दिवशी निघतात. स्वच्छतागृह एकच. बूट ठेवायला रॅक नाही, दारात ढीग. गाण्यांचा आवाज मोठा, पण खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केल्यापासून सुसह्य आहे. कोळीगीतं, मध्ये जुनी हिंदी, शेवटी शांत बासरी. शेवटची सात-आठ मिनिटं हळू चालणं आणि ताणणं. याच वेळेत लोक गुपचूप सटकतात, कुणाला लोकल धरायची तर कुणाला दूध. ताई दाराशी उभ्या राहून अडवतात. बरोबर करतात, कारण जोरात चालू असताना एकदम थांबलं तर रक्त पायांत साचतं आणि घेरी येते.

फरक पडला का? साखरेचं डॉक्टरांवर सोडतो, गोळी कमी झाली एवढं सांगतो. माझी स्वतःची मोजपट्टी प्लांटवरची आहे. सॅम्पलची बाटली घेऊन एअरेशन टाकीच्या शिडीवर चढल्यावर आधी मी कठड्याला धरून, डीओ मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा स्थिर व्हायची वाट बघतोय असं दाखवत उभा राहायचो. आता वर पोचल्यावर खालच्या हेल्परला ओरडून आकडा सांगता येतो, पूर्ण वाक्यात.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम एरोबिक हालचाल अशी आहे, किंवा जोराची असेल तर ७५ ते १५०. ताईंचे पाच दिवस, सुरुवातीचं आणि शेवटचं हळू धरूनही, पहिल्या आकड्याच्या वर सहज जातात. शनिवार वगळलात तरी काही बिघडत नाही. मी वगळतो. फीमधून मात्र शनिवार वगळून मिळत नाही, विचारून झालं आहे. तीन महिन्यांचे पैसे भरल्यावर परत मिळत नाहीत, म्हणून आधी एका महिन्याचे भरा. जानेवारीत नवे संकल्पवाले येतात आणि मॅटवर जागा उरत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते ओसरतात, तेव्हा नाव घातलंत तर उत्तम. चौकशीला सोमवारी जा, सहाच्या आधी, ताई कुलूप उघडत असतात. कुठली औषधं घेता, गुडघा-पाठ कशी आहे, हे त्या वहीत लिहून घेतील, तेव्हा लपवू नका.